झिंग्याला खोडवा नाही
(पोशा आणि गोदावरी झिंगा या दोन भाऊबंद जातींची ओळख)



ऊस सोडून झिंग्याची गोष्ट आपल्या पत्रिकेत कशाला, असे काहींना वाटेल. पण कारण आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या वावरात आता शेततळे आहे, कोणाच्या धुऱ्याला जुनी बोडी आहे, कोणाचे गाव मामा तलावावर आहे. उसाला पाणी देऊन उरलेल्या तळ्यात कतला-रोहू टाकणारे कास्तकार आपल्याकडे पुष्कळ झाले. त्यांच्यापुढची पायरी म्हणजे झिंगा. मासळी बाजारात कतल्याच्या शेजारी मोठ्या झिंग्याचा भाव ऐकला की माणूस त्याच पायी घरी येऊन तळ्याकडे बघतो.

इथपर्यंत ठीक आहे. घोटाळा पुढे होतो. बियाणे विकणारा सांगतो ‘जंबो’, आणि पिशवीत काय आहे ते घेणाऱ्याला ओळखता येत नाही. उसाचे बेणे घेताना आपण को 86032 आहे की दुसरे काही, हे कांडीवरून, डोळ्यावरून, पाचटावरून पाहतो. डोळे मिटून बेणे कोणी घेत नाही. झिंग्याच्या बाबतीत मात्र शहाणी माणसेही डोळे मिटून पैसे मोजतात. म्हणून या खेपेला गोड्या पाण्यातल्या दोन मोठ्या जातींचा अभ्यास देत आहोत. दोन्ही एकाच कुळातल्या, दिसायला सख्ख्या बहिणी, पण वाढ, अंग आणि सवय निराळी.

आधी नावे ठरवून घेऊ. पहिली जात म्हणजे जिला कोकणात पोशा म्हणतात, व्यापारात स्कॅम्पी किंवा जंबो म्हणतात. शास्त्रातले नाव मॅक्रोब्रेकियम रोझेनबर्गाय. दुसरीला आपण गोदावरी झिंगा म्हणू. तिचे शास्त्रातले नाव मॅक्रोब्रेकियम माल्कमसोनाय. मॅक्रोब्रेकियम म्हणजे लांब हाताचा, आणि खरेच या कुळातल्या नराचे पुढचे दोन हात अंगापेक्षा लांब होतात. गोदावरी झिंग्याचे शास्त्रीय वर्णन 1844 साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मिल्न एडवर्ड्स याने केले, पोशाचे 1879 साली डी मान याने. म्हणजे आपल्या खोऱ्यातली जात पस्तीस वर्षे आधी पुस्तकात गेली, पण नाव मोठे झाले ते पोशाचे.

आपल्याकडे आठवडी बाजारात वाट्यावर मिळणारे बारीक झिंगे या दोन्हींत मोडत नाहीत. ते याच कुळातले पण लहान जातीचे. ते तलावातच अंडी घालतात आणि तलावातच वाढतात, त्यांना समुद्राचे काही देणेघेणे नाही. पुष्कळांचा गैरसमज इथूनच सुरू होतो. बारीक झिंगा तळ्यात आपोआप होतो, मग मोठाही होईल, अशी समजूत. एका सभासदाने तर विचारले की सगळे न विकता शंभरेक मोठे नर-माद्या तळ्यात ठेवल्या तर पुढच्या साली बियाण्याचा खर्च वाचेल काय? याचे उत्तर नाही असे आहे. का नाही, तेच या पाठातले मुख्य.

समुद्राचे देणे

पोशा असो की गोदावरी झिंगा, दोघेही आयुष्य गोड्या पाण्यात काढतात पण जन्माला मीठ लागते. मादी कात टाकते, अंग मऊ असताना नराशी संग होतो, आणि दिवसभरात अंडी तिच्या पोटाखालच्या वल्ह्यांना चिकटून बसतात. मोठी पोशा मादी ऐंशी हजार ते लाखापर्यंत अंडी पोटाखाली वागवते. पहिल्या खेपेच्या लहान मादीची पाच ते वीस हजार. अंडी आधी नारिंगी असतात, फुटायच्या सुमारास करडी-काळपट होतात. पाणी 28 अंशांच्या आसपास असले तर वीसेक दिवसांत अंडी फुटतात. हे सगळे गोड्या पाण्यातही होते. आपल्या शेततळ्यातही होईल, अंडी धरलेली मादी तुम्हाला जाळ्यात दिसेलही, आणि तुम्ही खूश व्हाल.

पण अंड्यातून जे निघते ते झिंग्याचे पिलू नसते. ती अळी असते, पाण्यात उलटी तरंगणारी, शेपटीकडून पुढे सरकणारी. तिला निमखारे पाणी लागते. समुद्राचे पाणी हजारी 35 भाग खारट, तर पोशाच्या अळीला त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे, साधारण हजारी 12 ते 16 भाग. गोदावरी झिंग्याच्या अळीला त्याहून थोडे जास्त खारे पाणी मानवते, हजारी 18 ते 20 च्या आसपास. तेवढे मीठ मिळाले नाही तर अळी दोन-चार दिवसांत मरते. मिळाले तर ती अकरा अवस्था पार करते, महिनाभराने तिचे पिलू होते, ते तळाशी बसून चालू लागते, आणि मग पुन्हा गोड्या पाण्याकडे तोंड फिरवते. गोदावरी झिंग्याची अळी-अवस्था पोशापेक्षा लांबते. हॅचरीवाल्याला ती जास्त दिवस सांभाळावी लागते आणि तिच्यात मर होते.

ही मिठाची गोष्ट जगालाही फार उशिरा कळली. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियात पेनांगजवळ शाओ-वेन लिंग नावाचे शास्त्रज्ञ पोशाच्या अळ्या वाढवायच्या खटपटीत होते. अळ्या रोज मरत. निमखाऱ्या पाण्यात त्या जगतात हे त्यांना सापडले आणि सारी झिंगाशेती त्या एका शोधावर उभी राहिली. पुढे 1965 साली हवाईत ताकुजी फुजिमुरा यांनी मलेशियातून मोजके पोशा नेऊन हॅचरीची पद्धत बसवली. त्याआधी या झिंग्याचे बियाणे नदीतूनच धरावे लागे.

आता आपल्या तळ्याकडे या. वरोऱ्याहून मीठ कुठे? वर्धा नदी यवतमाळची हद्द धरून खाली जाते, घुग्घुसच्या बाजूला तिला पैनगंगा मिळते, पुढे वैनगंगेशी संगम होऊन प्राणहिता होते, सिरोंच्यापाशी ती गोदावरीत पडते, आणि तिथून भद्राचलम, राजमहेंद्री करत शेकडो किलोमीटरवर बंगालचा उपसागर. दोन-चार दिवसांचे आयुष्य असलेली अळी शेततळ्यातून तिकडे जाणार कशी?

म्हणूनच म्हटले की या पिकाला खोडवा नाही. उसाचे बेणे एकदा लावले की लागण, मग खोडवा, जमले तर निडवा. झिंग्याला दरसाल नवी लागण करावी लागते. दरसाल बियाणे विकत घ्यावे लागते. हा खर्च हिशेबात धरूनच पुढे जायचे, नाहीतर गड्या आपला ऊस बरा.

मग आपल्या नदीत झिंगा आला कुठून?

हा प्रश्न कोणीही विचारील, आणि योग्यच आहे. गोदावरीच्या खोऱ्यात हा झिंगा पिढ्यान्‌पिढ्या धरला गेला आहे. सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारे लोक झिंग्याला रोय्या म्हणतात. त्याचा प्रवास असा: पुराच्या दिवसांत अंडी धरलेल्या माद्या पाण्याबरोबर खाडीकडे उतरतात, काही अळ्या वरच निघून वाहत जातात. खाली खाऱ्या पाण्यात पिलू तयार होते, आणि पाऊस ओसरता ओसरता ही दोन-अडीच इंची पिले काठाकाठाने, प्रवाहाविरुद्ध, बहुधा रात्री, वर चढू लागतात.

इथेच दोन जातींतला पहिला मोठा फरक. पोशा खाडीच्या आणि नदीच्या खालच्या अंगाला जास्त राहतो. गोदावरी झिंगा लांब चढणारा आहे. आपल्या या वरच्या पाण्याचा खरा वतनदार तोच. पोशाही परका नाही, भारताच्या दोन्ही किनाऱ्यांच्या नद्यांत तो मूळचाच आहे, पण आपल्या अंगणातला नव्हे.

चढणाऱ्याला भिंत आडवी येते. गोदावरीवर राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम्‌चा बंधारा आर्थर कॉटनने 1852 साली पुरा केला. डेल्ट्याची भातशेती त्यावर उभी राहिली हे खरे, पण झिंग्याच्या वाटेतली ती पहिली मोठी भिंत. अशा बंधाऱ्यांच्या पायथ्याशी पावसाळ्यानंतर पिलांची दाटी होते, ओल्या दगडावरून ती चढू पाहतात, आणि लोक ती टोपलीने गोळा करतात. पुढे वरच्या अंगाला आणखी बंधारे झाले. सिरोंच्याच्या खाली मेडीगड्डा बंधारा 2019 साली सुरू झाला, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे खांब खचले, ते आपण वर्तमानपत्रात वाचलेच. त्याच्या पाण्याने सिरोंचा तालुक्यातल्या कास्तकारांच्या जमिनीचे काय झाले तो वेगळा विषय. इथे सांगायचे एवढेच की प्रत्येक भिंतीगणिक वर पोचणारा झिंगा कमी होतो. आपल्या ढीवर बांधवांचे म्हातारे म्हणतात, आमच्या बापाच्या वेळी हाताएवढा झिंगा लागायचा, त्यात अतिशयोक्ती थोडी आणि सत्य जास्त आहे.

ओळखायचे कसे

आता हातातल्या नमुन्याकडे वळू. मोठ्या झालेल्या झिंग्यात फरक सोपा. पोशा नर 32 सेंटिमीटरपर्यंत जातो, मादी 25 पर्यंत. गोदावरी झिंगा नर 23 सेंटिमीटरच्या आसपास थांबतो, मादी त्याहून लहान. जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या गोड्या झिंग्यांत पोशा मोडतो आणि भारतात या कुळात त्याच्या खालोखाल गोदावरी झिंग्याचा नंबर. पण विकत घेताना मोठा कोणी दाखवत नाही. दाखवतात ते पिलू.

पिलू दोन-तीन इंचाचे असले तर करवत पहा. करवत म्हणजे डोक्यावरून डोळ्यांच्या मधून पुढे आलेला दातेरी काटा. त्याच्या खालच्या अंगाला, मोठ्या मिशीच्या बुडाशी, पानासारखी एक चपटी पाती असते. करवत आणि ही पाती यांची लांबी शेजारी धरून ताडायची. पोशाची करवत पातीच्या बरीच पुढे जाते आणि तिचे टोक वर वळलेले असते, बैलाच्या शिंगासारखे. गोदावरी झिंग्याची करवत पातीच्या टोकापाशी किंवा जरा पुढे संपते, आणि तिचा वरचा बाक कमी.

मग दात मोजा. वरचे दात मोजण्यात वेळ घालवू नका, दोघांचेही दहा-बारा-चौदाच्या आसपास येतात, त्यावरून निकाल लागत नाही. खालचे मोजा. पोशाला आठ ते चौदा, गोदावरी झिंग्याला कमी, पाच-सहापासून दहापर्यंत. म्हणजे आठ-नऊ-दहा या आकड्यांवर दोघांचीही गाठ पडते. तिथे एकट्या दातांवर न जाता लांबी आणि बाक धरून बोलायचे. आणि एक झिंगा पाहून मत देऊ नये, दहा-पंधरा तरी पहावेत. एखाद्याची करवत मोडकी असते.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पोशा जसा म्हातारा होतो तशी त्याची करवत अंगाच्या मानाने आखूड दिसू लागते, म्हणून मोठ्या नराशी पिलाची तुलना करायची नाही, सारख्या वयाचे सारख्याशी ताडायचे. दुसरे, अगदी नखाएवढ्या पिलावर ही परीक्षा चालत नाही. पोशाच्या पिलाच्या कवचाच्या बाजूला लांबीच्या दिशेने काळसर-निळे पट्टे असतात, ते उपयोगी पडतात, पण गढूळ पाण्यातल्या, प्रवासाने फिक्या पडलेल्या पिलावर तेही नीट दिसत नाहीत. अशा वेळी विकणारा कोण आहे, हॅचरी कोणती, पावती देतो की नाही, हीच खरी ओळख.

नांगीच्या रंगावर तर मुळीच जाऊ नका. ‘निळ्या नांगीचा तो पोशा’ असे सांगणारे भेटतात. पोशाच्याच नरांत निळ्या नांगीचे, नारिंगी नांगीचे आणि बारके असे तीन प्रकार असतात. तिन्ही एकाच बापाचे, एकाच तळ्यातले. याविषयी पुढे येतेच.

समुद्रातल्या कोळंबीचे पिलू गळ्यात पडू नये म्हणून एक सोपी खूण सांगतो. शेपटीची मांडणी पहा. आपल्या दोन्ही जातींत शेपटीच्या दुसऱ्या कड्याची बाजूची पाळ पहिल्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही कड्यांवर चढलेली असते, कौलावर कौल चढावे तशी. समुद्रातल्या वाघ कोळंबीत तसे नसते, तिथे पहिले कडे दुसऱ्यावर, दुसरे तिसऱ्यावर, असे ओळीने चढत जातात. ही खूण लहान पिलावरही भिंगातून दिसते.

जेठा कोंब आणि निळी नांगी

झिंग्याची शेती माशांसारखी नाही. रोहूचे बियाणे एका दिवशी टाकले तर वर्षाने बहुतेक मासे सारखेच भरतात. पोशाचे तसे होत नाही. एकाच दिवशी टाकलेल्या पिलांतून सहा महिन्यांनी काही शंभर-दीडशे ग्रॅमचे निघतात आणि काही दहा-पंधरा ग्रॅमचेच राहतात. पहिल्यांदा करणारा माणूस म्हणतो, बियाण्यात भेसळ झाली. भेसळ नसते, स्वभाव असतो.

तुम्हा-आम्हाला हे समजायला उसाचे उदाहरण पुरे आहे. जेठा कोंब जोरात चालला की फुटवे दबतात, म्हणून आपण योग्य वेळी जेठा कोंब काढतो. पोशाच्या तळ्यात निळ्या नांगीचा नर हा जेठा कोंब. तो जागा धरून बसतो, माद्यांवर हक्क सांगतो, आणि स्वतःची वाढ मात्र जवळजवळ थांबवतो. त्याच्या धाकाने बारके नर बारकेच राहतात. मधले नारिंगी नांगीचे, ते भराभर वाढतात, आणि वाढता वाढता एक दिवस कात टाकून निळे होतात. तेव्हा पाचव्या महिन्यापासून मोठ्या डोळ्याचे जाळे फिरवून निळ्या नांगीवाले काढून विकायचे. जागा मोकळी झाली की दबलेले बारके उसळी घेतात. ज्याने हे केले नाही आणि सगळे एकदम काढायची वाट पाहिली, त्याच्या पदरी मूठभर मोठे आणि टोपलीभर चिल्लर पडते.

गोदावरी झिंग्यातही नर मादीपेक्षा मोठा होतो आणि वाढ एकसारखी नसते. भांडकुदळ तोही तितकाच. कात टाकलेला मऊ झिंगा दिसला की शेजारी त्याला खाऊन टाकतो, ही खोड दोघांचीही. म्हणून तळ्यात लपायला जागा हवी. बांबूच्या फांद्या, जुनी कौले, पाइपचे तुकडे, टायर, जे असेल ते तळाशी टाका.

कोणती घ्यायची

मोठा होतो म्हणून पोशाच, असा सरळ हिशेब पुष्कळ जण करतात. अर्धा बरोबर आहे. खाद्य देता येते, पाणी उपसून तळे कोरडे करता येते, जाळे फिरवता येते, अशा अर्ध्या-एक एकराच्या तळ्याला पोशाच योग्य. सहा-सात महिन्यांत माल विक्रीला येतो. गोदावरी झिंगा तेवढ्या काळात पोशाच्या निम्म्या वजनाला जेमतेम येतो.

एकरी हिशेब मांडून पाहू. कतला-रोहूबरोबर मिश्र शेतीत एकरी 3,000 पिले टाकली, असे समजा. शंभरात पन्नास हाती लागली तरी बरे मानावे, म्हणजे 1,500. सरासरी 40 ग्रॅम धरले तर 60 किलो. सरासरी 20 ग्रॅम धरले तर 30 किलो. बियाणे, खाद्य, राखण तीच, माल निम्मा. म्हणजे पोशाच्या भावाने बियाणे घेतले आणि पिशवीतून नदीतले गोदावरी झिंग्याचे पिलू निघाले, तर नुकसान किती ते आपणच काढा. शिवाय पोशाचे डोके मोठे, खाण्याजोगा भाग निम्म्याहून कमी, हे गिऱ्हाइकाला माहीत असते. ते भाव करताना काढतेच.

पण दुसरी बाजू आहे. पोशाने आंध्रात एकदा सोने दाखवले आणि मग रडवले. 1990 च्या दशकात नेल्लोरच्या बाजूला हॅचऱ्या निघाल्या, तळ्यांवर तळी झाली, आणि 2005-06 साली देशाचे पोशाचे उत्पादन चाळीस हजार टनांवर गेले. पण पांढऱ्या शेपटीचा विषाणूही आला. त्यात पिलाची शेपटी दुधासारखी पांढरी पडते आणि आठवड्यात टाकी रिकामी होते. मोठ्या झिंग्याला बाहेरून काही दिसत नाही, पण तो रोग अंड्यांबरोबर पुढे देतो. त्यातच हॅचऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच त्या घराण्यातल्या माद्या वापरल्या, वाढ खुंटली. 2009 नंतर व्हेनामी ही परदेशी कोळंबी आली आणि शेतकरी तिकडे वळले. चार-पाच वर्षांत चाळीस हजारांचे दहा हजारांच्या खाली आले. उसाचे एकच वाण सगळीकडे, तेच बेणे वर्षानुवर्षे, मग काणी आणि गवताळ वाढ, हे आपण पाहिलेलेच आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने वेगवेगळ्या भागांतले पोशा एकत्र करून निवड पद्धतीने सुधारित वाण तयार केला आहे. बियाणे घेताना त्याची चौकशी करावी. याच संस्थेने गोदावरी झिंग्याच्या हॅचरीचे तंत्रही बसवले, पण व्यापारी हॅचऱ्या पोशाच्याच जास्त, कारण अळी सांभाळायचे दिवस कमी.

माझे मत विचाराल तर असे. स्वतःचे तळे, खाद्याची ऐपत आणि राखण असेल तर हॅचरीचे पोशा. मोठा मामा तलाव, जो कोरडा करता येत नाही, जिथे खाद्य देणे शक्य नाही आणि ओसंडून पाणी नाल्याने नदीत जाते, तिथे गोदावरी झिंगा टाकावा, तोही मिळाला तर, आणि त्याच्याकडून पोशाची अपेक्षा ठेवू नये. कमी वाढेल, पण घरचा आहे, निसटला तर आपल्याच नदीत जाईल. नदीतले पिलू आणि हॅचरीचे पिलू मात्र एका तळ्यात मिसळू नये, कोणाच्या अंगी कोणता रोग आहे ते डोळ्याला दिसत नाही. आणि तलाव जर ढीवर सोसायटीच्या ठेक्यात असेल तर आधी त्यांच्याशी बोला. त्यांचा हक्क आहे, आणि झिंगा धरायची अक्कल त्यांच्याइतकी आपल्याला नाही.

आपल्या हवेचे गणित

चंद्रपूरचा उन्हाळा देशात प्रसिद्ध आहे. मे महिन्यात पारा 46-47 वर जातो आणि तीन-चार फूट पाण्याच्या तळ्याचे गरम डबके होते. पोशाला 28 ते 31 अंशांचे पाणी आवडते, 35 च्या वर तो मरू लागतो, आणि 14 च्या खालीही मरतो. हिवाळ्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाणी गार पडले की खाणे सोडतो, वाढ थांबते. म्हणून इथे वर्षभराची शेती करायच्या फंदात पडू नये. जुलैत पाऊस बसला, तळे भरले, की पिले लहान खड्ड्यात किंवा जाळीच्या पिंजऱ्यात महिना-दीड महिना पोसा, मग मोठ्या तळ्यात सोडा. डिसेंबरपासून काढणी सुरू करा आणि फेब्रुवारीत तळे मोकळे करा. याच दिवसांत उसाची तोड चालू असते, गडी मिळत नाहीत, हे आधीच धरून ठेवा.

तळ्यात पाण्याची खोली चार-पाच फूट असावी. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तळाला चार-सहा इंच मातीचा थर द्यावा लागतो, कारण हा प्राणी तळाशी चालणारा आहे. उघड्या प्लास्टिकवर उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजते आणि त्यातच तो बसतो. पिले सोडण्यापूर्वी मरळ, मागूर, शिंगाळा काढून टाका, नाहीतर तुम्ही मरळच पोसाल. बरोबर कतला आणि रोहू चालतात. मृगळ आणि सायप्रिनस नकोत, ते तळाचे खातात आणि झिंग्याच्या ताटात तोंड घालतात. खाद्य म्हणजे भुईमुगाची पेंड आणि तांदळाचा कोंडा, संध्याकाळी, कारण तो रात्री चरतो. तबकात ठेवून सकाळी उरलेले पहावे, त्यावरून दुसऱ्या दिवशीचे ठरवावे.

पिशवी आली की लगेच फोडू नका. अर्धा तास तळ्यावर तरंगत ठेवा. मग पिशवीतले पाणी जिभेवर घेऊन पहा. खारट लागले तर पिले गोड्या पाण्याला नीट सरावलेली नाहीत, एकदम सोडली तर मरतील. विकणाऱ्याला तिथेच बोलवा.

सर्वांत शेवटी सांगत असलो तरी ज्याने सर्वांत जास्त तळी बसली ते औषध. झिंगा हा माशाचा भाऊ नव्हे, किड्याचा चुलतभाऊ आहे. उसाला खोडकिडीसाठी, वाळवीसाठी आपण क्लोरपायरीफॉस, फिप्रोनिल वापरतो. ज्या मात्रेने मासा नुसता सुस्त होतो त्या मात्रेने झिंगा संपतो. वावराचा उतार तळ्याकडे असेल तर पहिल्या पावसाचे पाणी तळ्यात येऊ देऊ नका, चर काढून बाजूला वळवा. फवारणीचा पंप तळ्यावर धुऊ नका. शेजाऱ्यालाही सांगून ठेवा. तसेच ताजी प्रेसमड खत म्हणून तळ्यात टाकू नये, ती कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. हीच गोष्ट मळीच्या सांडपाण्याची. ते प्रक्रियेशिवाय नाल्यात गेले तर खालच्या डोहातला झिंगा सगळ्यांच्या आधी काठाला येऊन मरतो. कोणाला असा झिंगा नाल्याच्या काठी मेलेला दिसला तर कारखान्याला कळवावे, ते कळवायला संकोच करू नये.

बियाणे घेण्यापूर्वी कोणाला जात ओळखून हवी असेल तर दहा-पंधरा पिले, शक्य तर दोन इंचाच्या वरची, बर्फात घालून गट कार्यालयात आणावीत. पाण्याच्या बाटलीत मेलेली, फुगलेली आणू नयेत. त्यांच्या करवती गळून पडतात आणि मग मोजायला काही उरत नाही.